कीबोर्डवरचा विंडो मॅनेजर, मराठी टायपिंग आणि दुखरं मनगट

प्रश्न ऐरोलीच्या एका अनुवादकबाईंचा आहे. त्यांच्याच शब्दांत, थोडक्यात: "मी घरून इंग्रजी-मराठी अनुवाद करते. दिवसभर मूळ पीडीएफ, लिबरऑफिस, ब्राउझरमधले दोन-तीन शब्दकोश आणि मेल यांच्यात उड्या मारून उजवं मनगट दुखायला लागलं. धाकट्या भावाने उबुंटू लिनक्सवर आयथ्री नावाचा विंडो मॅनेजर टाकून दिला, 'माउसला हात लावावा लागणार नाही' म्हणाला आणि बंगळुरूला निघून गेला. पहिल्या दिवशी नुसती काळी स्क्रीन बघून घाबरले. नंतर थोडं जमलं, पण मराठी टायपिंग चालू केलं की सगळे शॉर्टकट मरतात. कॉम्प्युटर मुलगाही वापरतो. चिकाटीने शिकू, की सोडून देऊ?"

शिका. पण भावाने जेवढं दिलंय त्याच्या पाव हिश्शानेच सुरुवात करा, आणि मनगट याने बरं होईल या भरवशावर बसू नका. शॉर्टकट मरतात त्यात तुमची काही चूक नाही. ते का होतं, ते खाली सांगतो.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. आयथ्री २०११ पासून वापरतोय. या काळात निदान दहा-बारा जणांना ते बसवून दिलं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी महिन्याभरात काढून टाकलं. ते का काढलं हे मी दर वेळी विचारतो. खालचं बरंचसं त्या उत्तरांतून शिकलेलं आहे.

आधी काळ्या स्क्रीनबद्दल. नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये खालची पट्टी, आयकॉन, आवाजाचं बटण, वायफाय, पेनड्राइव्ह लावला की उघडणारी खिडकी, हे सगळं एकत्र शिजवलेलं ताट असतं. विंडो मॅनेजर म्हणजे त्या ताटातला फक्त एक पदार्थ: विंडो कुठे, किती मोठी आणि टायपिंग कोणत्या विंडोत जाणार, एवढंच तो ठरवतो. १९८७ साली आलेल्या एक्स११ मध्ये, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या काढणाऱ्या यंत्रणेत, हे काम मुद्दाम वेगळं काढलं होतं, म्हणून लिनक्सवर तो एक तुकडा बदलून दुसरा लावता येतो. आयथ्री हा त्यातलाच एक. मिखाएल स्टापेलबर्ग यांनी तो २००९ मध्ये सुरू केला. तो सुरू झाला की रिकाम्या स्क्रीनवर तळाशी एक पट्टी दिसते आणि बाकी काही नाही. बिघडलेलं काही नसतं. तुम्ही काही उघडलं नाही, म्हणून काही दिसत नाही.

उघडलं की काय होतं, हे लोकलने जाणाऱ्याला समजावायला सोपं आहे. सेकंड क्लासच्या तीन जणांच्या बाकावर चौथा येतो, "जरा सरकून घ्या" म्हणतो आणि सगळे सरकतात. आयथ्रीत नवी विंडो अशीच येते. आधीची एकटी बसलेली असेल तर ती अर्धी होते, तिसरी आली की तिघी एक-तृतीयांश. एकीवर दुसरी चढत नाही. यालाच टायलिंग म्हणतात. ही काही नवी कल्पनाही नव्हे. १९८५ च्या विंडोज १.० मध्येही ॲप्लिकेशनच्या खिडक्या एकमेकींवर न येता शेजारी शेजारीच लागायच्या. पुढे एकावर एक खिडक्या टाकायची पद्धत आली आणि तीच सगळीकडे रुळली, कारण माउसवाल्या माणसाला कागद टेबलावर पसरल्यासारखं ते ओळखीचं वाटतं.

पण चौथ्या सीटवर कसं बसायला मिळतं हे तुम्हाला ठाऊक आहे. अर्धं अंग बाहेर. पंधरा इंची लॅपटॉपवर चार विंडो शेजारी लावल्या तर एकही वाचता येत नाही. आणि लोक सोडून देतात त्याचं पहिलं कारण हेच असतं: सगळं एकाच स्क्रीनवर उघडत जातात, सगळं चिंचोळं होतं, आणि मग "हे टायलिंग काही कामाचं नाही". टायलिंगचा उपयोग दोन विंडोंपर्यंत, फार तर तीन. त्यापुढे खरं काम करतात ते वर्कस्पेस, म्हणजे एकामागे एक असलेले दहा वेगवेगळे पडदे, ज्यांना एक ते दहा असे क्रमांक आहेत.

मला यातलं एकच सांगायचं असेल तर ते हे क्रमांकांचं. तुम्ही ऐरोलीत राहता, तुमचा पत्ता "ऐरोली, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक" असा असणार. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्या कल्पनेतून नवी मुंबई कागदावर आधी उतरली, आणि म्हणून तिथे जागेला आधी क्रमांक मिळाला, माणसं मागून आली. आमच्या जुन्या ठाण्यात पत्ता म्हणजे "तलावपाळीला उतरा, जांभळी नाक्याकडे चालू लागा, आणि मग कोणालाही विचारा." ऑल्ट-टॅब म्हणजे हे "कोणालाही विचारा" आहे. ऑल्ट-टॅबची यादी शेवटी कोणती विंडो वापरली त्यावरून लागते, म्हणून तेच बटण सकाळी दाबलं तर मेल येतो आणि दुपारी दाबलं तर पीडीएफ. दर वेळी डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. खालच्या पट्टीवर माउस नेऊन शोधणं हेही तेच. याउलट अनुवाद कायम एक नंबरवर आणि मेल कायम तीन नंबरवर असेल, तर विंडोज बटण आणि तीन दाबलं की मेलच येणार, आज, उद्या, रात्री दीड वाजताही. बघायचं काही उरत नाही. आठवड्याभरात हाताला वळण लागतं आणि मग "तीन" हा आकडाही मनात येत नाही.

लोक म्हणतात कीबोर्डने वेग वाढतो. मला वेगाचं फार कौतुक नाही. दिवसातून दोनशे वेळा अर्धा सेकंद वाचला तर वाचला. पण वाक्य डोक्यात अर्धवट धरलेलं असताना खिडकी शोधावी लागली की वाक्य सुटतं. तुमच्या धंद्यात ते जास्त महाग पडत असणार.

तेव्हा काही शिकायच्या आधी एक कागद घ्या आणि कुठे काय राहणार ते लिहा. तुमच्या कामासाठी मी असं लावीन. एक नंबरवर दोनच विंडो: डावीकडे मूळ पीडीएफ, उजवीकडे लिबरऑफिस. पीडीएफ थोडी अरुंद, चाळीस-साठच्या प्रमाणात, कारण तुम्हाला लिहायची जागा जास्त हवी. दोनवर ब्राउझर. तीनवर मेल. चारवर बिलं आणि हिशोबाची शीट. नऊवर व्हॉट्सॲप आणि गाणी. मुद्दाम लांब ठेवा. पाच ते आठ मोकळे राहू द्या. त्यांत काही भरण्याचा मोह होईल, भरू नका. एखादा वेगळा प्रकल्प मध्येच आला तर तो पाचवर उघडायचा आणि संपला की बंद करायचा.

शब्दकोशाची जागा यांपैकी कुठेच नाही. त्यासाठी आयथ्रीत स्क्रॅचपॅड नावाची सोय आहे आणि अनुवादकासाठी ती सगळ्यांत गोड गोष्ट आहे. एखादी विंडो स्क्रॅचपॅडमध्ये टाकली की ती दिसेनाशी होते. एक ठरावीक शॉर्टकट दाबला की तुम्ही ज्या वर्कस्पेसवर असाल तिथेच मधोमध तरंगत येते, पुन्हा दाबला की जाते. शब्द बघायचा, झटकन मिटायचा. मागच्या दोन विंडो जागच्या हलत नाहीत. शब्दकोश उघडलेली ब्राउझरची वेगळी विंडो तिथे टाका. कन्फिगमध्ये, म्हणजे आयथ्रीच्या सेटिंगच्या फाइलीत, यासाठीच्या दोन ओळी नसतील तर घालाव्या लागतील: एक विंडो तिथे पाठवायची, एक बोलवायची. वजाबाकीच्या चिन्हाचं बटण यासाठी रूढ आहे, शिफ्टसकट पाठवा, शिफ्टशिवाय बोलवा.

आता बटणं. भावाने तुम्हाला चाळीस शॉर्टकटची यादी दिली असेल. ती बाजूला ठेवा. आयथ्री पहिल्यांदा चालू होताना विचारतो की मुख्य बटण विंडोज घ्यायचं की ऑल्ट. विंडोजच घ्या, कारण ऑल्टने प्रोग्रामांचे मेनू उघडतात आणि लिबरऑफिसमध्ये रोज भांडण होईल. त्या बटणाला सगळे "मोड" म्हणतात, मीही तसंच म्हणतो. मोड आणि एंटर: टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. मोड आणि डी: प्रोग्राम उघडायची यादी. मोड आणि आकडा: त्या वर्कस्पेसवर जा. मोड, शिफ्ट आणि आकडा: समोरची विंडो तिकडे पाठव. मोड आणि बाण: शेजारच्या विंडोत जा. मोड, शिफ्ट आणि क्यू: विंडो बंद. मोड आणि एफ: पूर्ण स्क्रीन, पुन्हा एफ: परत. पहिले दोन आठवडे एवढंच. मग मोड आणि डब्ल्यू शिका, ज्याने विंडो टॅबसारख्या एकामागे एक लागतात. चौथी सीट टाळायचा तो उपाय आहे. मोड आणि ई ने परत शेजारी शेजारी. माझ्या बघण्यात जे टिकले ते सगळे असे थोड्यावर सुरू झालेले होते.

बाणांऐवजी अक्षरं वापरा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. आयथ्रीत मुळात त्यासाठी जे, के, एल आणि अर्धविरामाचं बटण आहे, तर व्हीआय हा जुना एडिटर वापरणारे एच, जे, के, एल वर अडून असतात. त्याला कारण आहे: बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर जो एडीएम-३ए टर्मिनल होता, त्याच्या याच चार बटणांवर बाण छापलेले होते. त्या टर्मिनलची सवय आजही जगभर बोटांत फिरते आहे. तुम्ही इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड लेआउटवर, टाइप करत असाल तर आयथ्रीची चार बटणं तुमच्यासाठी र, क, त, च आहेत. "रक्तच" लक्षात ठेवा. पण खरं सांगायचं तर बाणांनी भागत असेल तर भागू द्या.

आता मराठीचं. ज्या मराठी लोकांनी आयथ्री सोडलं, त्यांतल्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडली, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात याची पुरेशी दखल नसते. शॉर्टकट कन्फिगमध्ये लिहिलेला असतो तो अक्षराच्या नावाने: "मोड आणि डी". आयथ्री ते अक्षर तुमच्या सध्याच्या कीबोर्ड लेआउटमध्ये कोणत्या बटणावर आहे ते शोधून त्या बटणावर लक्ष ठेवतो. तुमच्या भावाने बहुधा असं केलंय की एका शॉर्टकटने किंवा छोट्या स्क्रिप्टने अख्खा लेआउट काढून त्याजागी भारतीय लेआउट लावला जातो. तसं झालं की आयथ्री सगळे शॉर्टकट पुन्हा जुळवायला बसतो, आणि त्याला "डी" सापडतच नाही. इनस्क्रिप्टमध्ये त्या बटणावर हलन्त आहे, अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह. तुमच्या शॉर्टकटचे पाय मोडले ते अक्षरशः तिथे. आकड्यांचंही तसंच होऊ शकतं, कारण लेआउट देवनागरी अंक देत असेल तर "1" कुठे उरतो?

यावर दोन उपाय आहेत. पहिला: दोन्ही लेआउट एकदमच लावायचे, इंग्रजी पहिला आणि भारतीय दुसरा, आणि ऑल्ट-शिफ्टसारख्या बटणाने त्यांच्यात अदलाबदल करायची. आयथ्री पहिल्या लेआउटवरून बटणं ठरवतो, म्हणून इंग्रजी पहिला असणं महत्त्वाचं. उलट क्रम लावला की रडगाणं तेच. दुसरा उपाय, आणि तुमच्यासाठी मी हाच निवडीन: लेआउटला हात न लावता आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ हे इनपुट मेथडचे प्रोग्राम वापरायचे. यात कीबोर्ड कायम इंग्रजीच राहतो आणि तुम्ही दाबलेल्या बटणाचं मराठी अक्षर करायचं काम वरचा प्रोग्राम करतो. शॉर्टकट शाबूत. तुम्ही इनस्क्रिप्टऐवजी उच्चाराप्रमाणे टाइप करत असाल तरी हेच बरं, दोन्ही प्रकार त्यात मिळतात.

आयबस घेतलंत तर दोन खाचखळगे आहेत. भाषा बदलायचा त्याचा मूळ शॉर्टकट विंडोज आणि स्पेस हा आहे, आणि आयथ्रीने तोच तरंगत्या आणि बसलेल्या विंडोंमध्ये जायला घेतलेला आहे. दोघांपैकी एकाला हलवावं लागतं, आयबसला हलवा. दुसरं, आयबसच्या सेटिंगमध्ये "सिस्टमचाच कीबोर्ड लेआउट वापरा" अशी एक खूण आहे, ती करून ठेवा, म्हणजे तो मागच्या मागे लेआउट बदलत नाही. एफसीआयटीएक्समध्ये मूळ शॉर्टकट कंट्रोल आणि स्पेस असतो, तिथे हे भांडण नाही. यांपैकी जे काही घ्याल ते आयथ्री चालू होताना आपोआप चालू व्हावं म्हणून कन्फिगमध्ये एक ओळ घालावी लागते. जुन्या डेस्कटॉपने ते तुमच्यासाठी गुपचूप केलेलं असतं, इथे कोणी करत नाही.

मराठीच्या आणखी दोन बारीक गोष्टी. मोड आणि डी ने जी यादी उघडते ती डीमेन्यू नावाच्या प्रोग्रामची असते. त्याला देवनागरी अक्षरं जुळवता येत नाहीत: जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. फाइलींची किंवा विंडोंची नावं मराठीत ठेवत असाल तर त्याजागी रोफी लावा. तो अक्षरं लावायला पँगो वापरतो, मराठी स्वच्छ दिसतं. आयथ्रीच्या पट्टीतही पँगोचा फॉन्ट दिला की मराठी शीर्षकं नीट येतात. मी नोटो सॅन्स देवनागरी वापरतो. आणि वर्कस्पेसना मराठी नावं द्यायची हौस असेल तर जरूर द्या, "1: अनुवाद", "3: टपाल" अशी, पण सुरुवातीचा आकडा इंग्रजीच ठेवा. देवनागरी "१" आयथ्रीला आकडा म्हणून कळत नाही, मग तो वर्कस्पेस क्रमाने लागत नाही आणि क्रमांकाने सापडतही नाही. माझा अर्धा रविवार याच्यात गेला होता, आणि दोष शोधत होतो भलतीकडेच.

याच कारणासाठी मी तुम्हाला डीडब्ल्यूएम हा दुसरा विंडो मॅनेजर सुचवत नाही, जरी तो मला मनापासून आवडतो. २००६ सालचा आहे, आणि त्याच्या लेखकांनी सोर्स कोड २००० ओळींच्या आत ठेवायचा स्वतःवर नेम घालून घेतलाय. पण त्याची पट्टीही डीमेन्यूच्याच जातकुळीची, मराठी तिथेही मोडतं, आणि एक शॉर्टकट बदलायचा तर सी भाषेतली फाइल बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा. एक्समोनॅड उत्तम आहे, पण त्याची कन्फिग हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत असते. नाकापेक्षा मोती जड. आयथ्रीची कन्फिग साधी मजकुराची फाइल आहे, ओळ वाचली की कळते.

स्वे हे नाव तुम्ही ऐकाल. २०१५ मध्ये ड्रू डेव्हॉल्ट यांनी ते सुरू केलं, २०१९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. ते एक्स११ च्या जागी येत असलेल्या वेलँडवर चालतं आणि आयथ्रीची कन्फिग जवळजवळ आहे तशी वाचतं. कधीतरी तिकडे जावंच लागेल, कारण एक्स११ वरचं नवं काम मंदावलं आहे. पण तिथे दोन्ही लेआउट एकदम लावले तरी शॉर्टकट मरतात, कारण स्वे त्या क्षणी चालू असलेल्या लेआउटचं अक्षर बघतं. शॉर्टकटच्या ओळीत "टू-कोड" हा पर्याय घातला की ते अक्षराऐवजी बटण लक्षात ठेवतं आणि प्रश्न मिटतो. शिवाय तुम्ही अनुवादासाठीचं ओमेगाटी वापरत असाल, तर तो जावातला प्रोग्राम आहे, आणि स्वेवर जावाचे प्रोग्राम कधी कधी नुसती राखाडी, कोरी खिडकी दाखवतात. त्यालाही उपाय आहे, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावावा लागतो. आयथ्रीवर सहसा ही भानगड येत नाही. हायपरलँड, निरी वगैरे नव्या विंडो मॅनेजरांची चित्रं सुंदर दिसतात. बघा, आणि कामाला लागा.

चित्रांवरून आठवलं. या छंदात एक मोठा सापळा आहे तो सजावटीचा. विंडोंमध्ये किती पिक्सेलची फट, पट्टीचा रंग कोणता, पारदर्शकता किती. पूर्वी फटींसाठी आयथ्रीची वेगळी आवृत्ती लावावी लागायची, ४.२२ पासून ती सोय मूळ आयथ्रीतच आली, म्हणजे मोह आणखी जवळ आला. ऑफिसातला एक पोरगा तीन महिने पट्टी रंगवत होता. शॉर्टकट त्याला सातच येत होते.

आता मुलाचं. जुना डेस्कटॉप काढू नका. आयथ्री त्याच्या शेजारी सुखाने राहतं. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड टाकायच्या आधी कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, तिथे उबुंटू की आयथ्री ते निवडता येतं. मुलासाठी वेगळं खातं करा आणि त्याच्या खात्याला जुनाच डेस्कटॉप ठेवा. निवड खात्यागणिक लक्षात राहते. तुम्हालाही एखाद्या दिवशी फार घाईचं काम आलं तर त्या दिवसापुरतं खुशाल जुन्यात जा. शिकताना डेडलाइन मानेवर असेल तर आयथ्रीचा राग येतो, आणि तो राग मग जात नाही.

जुन्या डेस्कटॉपने गुपचूप केलेल्या कामांचा हिशोब मात्र एकदा करावा लागेल. आवाजाची बटणं आणि वायफायचं चिन्ह आयथ्रीच्या अलीकडच्या मूळ कन्फिगमध्ये येतं. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं येत नाहीत, त्यांच्यासाठी ब्राइटनेससीटीएल (brightnessctl) नावाचा छोटा प्रोग्राम बोलवावा लागतो. नोटिफिकेशन दाखवायला डन्स्ट लागतो. तो नसेल तर मेल आला तरी स्क्रीन ढिम्म. पेनड्राइव्ह आपोआप उघडत नाही, फाइल मॅनेजर उघडून त्यावर टिचकी मारावी लागते. हे एका शनिवारचं काम आहे, भावाला फोनवर धरून.

आणि दुसरा मॉनिटर. इथे माझी फजिती सांगतो. एकदा क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं, मी ऐटीत एचडीएमआयची वायर खोचली आणि प्रोजेक्टर निळाच. नेहमीच्या डेस्कटॉपला वायर लागलेली कळते आणि तो आपसूक चित्र पाठवतो. आयथ्री पाठवत नाही, त्याला टर्मिनलमध्ये एक्सरँडर या आज्ञेने सांगावं लागतं. मला आज्ञा तोंडपाठ नव्हती. समोर सहा माणसं बसलेली, मी काळ्या टर्मिनलमध्ये चुकीचं टाइप करतोय, आणि शेवटी सेल्सच्या मुलीने स्वतःचा लॅपटॉप लावला. तेव्हापासून अरँडर हा चित्रात मॉनिटर ओढून लावायचा प्रोग्राम माझ्याकडे कायम असतो. तुम्ही घरी एक मोठा मॉनिटर जोडणार असाल, आणि अनुवादासाठी जोडावाच, तर ऑटोरँडर लावून घ्या. ओळखीचा मॉनिटर दिसला की तो ठरलेली मांडणी स्वतः लावतो.

वीज गेली तर? लॅपटॉप असेल तर प्रश्न नाही. टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर विंडोंची मांडणी जाते, परत लावावी लागते. कोणता प्रोग्राम कोणत्या नंबरवर उघडायचा हे कन्फिगमध्ये लिहून ठेवता येतं, त्याने बरंच काम होतं. मेल उघडला की आपण होऊन तीनवर जाऊन बसतो. मांडणी साठवायची सोयही आहे, पण ती प्रोग्राम परत उघडत नाही, नुसत्या रिकाम्या चौकटी मांडते. मी ती वापरून सोडून दिली. कन्फिग बदलताना चूक झाली तर घाबरू नका, स्क्रीनवर लाल पट्टी येते आणि चूक कोणत्या ओळीत आहे ते दाखवायचं बटण त्यातच असतं. बदल केल्यावर मोड, शिफ्ट आणि आर दाबलं की आयथ्री जागच्या जागी पुन्हा सुरू होतं, उघडलेलं काही बंद पडत नाही.

राहिलं मनगट. माउस कमी झाला की उजव्या मनगटाला आराम मिळतो हा माझाही अनुभव आहे. पण ते ओझं डाव्या हातावर जातं. विंडोज, शिफ्ट आणि आकडा एकाच हाताने दाबायचा म्हणजे पंजा वाकडा होतो, आणि दिवसात शंभरदा तो वाकडा झाला की दुसरं दुखणं सुरू. मला २०१६ साली डावा अंगठा धरला होता. तेव्हा नियम केला: मोड एका हाताने, दुसरं बटण दुसऱ्या हाताने. कॅप्स लॉकला विंडोज बटण करून टाका, लेआउटच्या पर्यायांत त्याची सोय आहे. करंगळीशेजारी आहे, पंजा वळत नाही, आणि इनस्क्रिप्टमध्ये कॅप्स लॉक तसाही लागत नाही. कीबोर्डची उंची बघा, कोपर टेबलाच्या खाली जात असेल तर कोणताही विंडो मॅनेजर कामाचा नाही. आणि दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आयथ्री पुढच्या महिन्यातही शिकता येईल.

आज संध्याकाळी मात्र भावाला फोन करून एवढं विचारा, की मराठी चालू करायची ती स्क्रिप्ट त्याने कुठे ठेवली आहे. पहिल्यांदा ती काढायची आहे.